आधी तेल ओळखा, मग चेंडू टाका

बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच घरांतली मुलं नोकरीसाठी बेंगळुरूला नाहीतर पुण्याला असतात. आई-वडील भेटायला गेले, की एखाद्या संध्याकाळी मुलं त्यांना बोलिंगला नेतात. भाड्याचे बूट चढतात, पहिले दोन चेंडू कडेच्या गटरात जातात आणि बाबा 'तुम्हीच खेळा रे' म्हणत सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसतात. खरं तर दोष सगळा हाताचा नसतो. पायांपुढच्या लाकडी पट्टीवर काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

कॅरम खेळणाऱ्याला हे चटकन पटेल. आपल्याकडच्या पावसाळ्यात बोर्ड ओल धरतो, स्ट्रायकर अडखळतो; बोरिक पावडर टाकली की तोच सुळकन जातो. बोलिंगच्या लेनवर पावडरीऐवजी तेल असतं. फाऊलच्या रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट अंतर. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर यंत्राने तेलाचा पातळ थर देतात, पुढचा भाग कोरडा. नेहमीच्या लेनवर हे तेल मधोमध जास्त आणि कडांना कमी असतं. डोळ्यांना ते जवळपास दिसत नाही, पण चेंडूला कळतं. तेलावर तो घसरत सरळ जातो, कोरड्यावर पकड घेतो आणि फिरकी दिली असेल तर वळतो.

तेव्हा पहिले तीन-चार चेंडू गुणांसाठी नव्हेत, लेन पाहण्यासाठी टाकावेत. लांबच्या पिनांकडे न बघता सुमारे १५ फुटांवर असलेल्या बाणांकडे बघा. उजव्या हाताने टाकणाऱ्याने उजवीकडून दुसरा बाण धरावा. चेंडू पुढच्या पिनेच्या डावीकडे गेला, तर आपणही डावीकडे सरकायचं: पाय दोन फळ्या, नजर एक फळी. ऐकायला उलटं वाटतं, पण तिथून चेंडू जास्त तेलातून, थोडा बाहेरच्या बाजूला निघतो आणि उशिरा वळतो. घरातल्या नातवंडांना कानडीत सांगा, चेंडू 'एडक्के' तर आपण 'एडक्के', 'बलक्के' तर 'बलक्के'. लगेच लक्षात राहतं.

तासाभरानं मात्र हिशेब बदलतो. पकड घेणारे चेंडू पुढचं तेल उचलून नेतात, त्यामुळे चेंडू लवकर वळू लागतो. गुळगुळीत प्लास्टिकचे चेंडू उलट तेच तेल पुढच्या कोरड्या भागात ओढून नेतात आणि मग वळण कमी होतं. म्हणून मघाशी जमलेली जागा हट्टाने धरून बसू नये.

चेंडूचंही तसंच. तिथे ठेवलेले भाड्याचे चेंडू बहुतेक प्लास्टिकचे; ते फारसे वळत नाहीत, तेव्हा टीव्हीवरच्या खेळाडूंसारखं मनगट मुरडण्यात अर्थ नाही, दुखणं तेवढं पदरी येतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिनचे चेंडू आले, ते तेलातून बाहेर पडले की जोरात पकड घेतात. मुरलेले खेळाडू तो पहिल्या फेकीला वापरतात आणि उरलेली एखादी पिन पाडायला सरळ जाणारा प्लास्टिकचा घेतात. आपण सरळच टाकावा. चेंडूवरचा आकडा पौंडांचा असतो. सोळाचा म्हणजे सव्वासात किलो! मुलांसमोर ऐट म्हणून तो उचलू नका. हात सैल सोडून झुलवता येईल आणि अंगठा न अडकता सुटेल, तोच आपला. परत आलेल्या चेंडूवर तेलाचा पट्टा दिसला तर फडक्याने पुसून घ्या. मैत्रिणीच्या हातात देतानाही पुसूनच द्या.

आणि त्या रेषेपलीकडे पाऊल नको. त्या फेकीत पडलेल्या पिना धरत नाहीत हे एक, पण तेल तिथूनच सुरू होतं आणि त्या बुटांचे तळ गुळगुळीत असतात.