गुण आला; पण कशाने?

हल्ली संगणकाच्या दुकानात कळफलकांचे व माऊसचे नाना आकार दृष्टीस पडतात. कोठे मधोमध दुभंगलेला कळफलक, कोठे हस्तांदोलन करावे तसा उभा धरावयाचा माऊस, तर कोठे मनगटाखाली ठेवावयाची मऊ गादी. यांपैकी कित्येक वस्तू हाताला खरोखर सुखाच्या वाटतात आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अवजार हाताच्या बेताने घडविणे ही जुनीच विद्या आहे. शिंप्याच्या कात्रीची मूठ वाकडी असते ती शोभेसाठी नव्हे. मेजावर पसरलेले कापड न उचलता कापता यावे म्हणून ती तशी असते.

परंतु मुलांनो, 'ही वस्तू हाताला सुखाची आहे' हे एक विधान झाले आणि 'हिने मनगटाचे दुखणे बरे होते' हे अगदी निराळे. पहिल्याची पारख तुम्ही दुकानात उभ्याउभ्या करू शकता, दुसऱ्याची नाही. जाहिरातीत मात्र दुसरे विधान पहिल्याच्या कडेवर बसून गुपचूप आत येते.

"पण ती वापरून मला गुण आला!" असे कोणी म्हणेल. तो खोटे बोलत नाही. तथापि दुखण्याला भरती-ओहोटी असते. माणूस उपायाच्या शोधात निघतो तो बहुधा दुखणे अगदी शिगेला पोहोचले असता; तेथून ते पुष्कळदा आपोआपच उतरते, आणि श्रेय मात्र हातातल्या वस्तूला मिळते. शिवाय उपायावर भरवसा बसला की वेदना कमी जाणवते.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात एलिशा पर्किन्स नावाचे एक वैद्य होते. त्यांनी १७९६ साली सुमारे तीन इंच लांबीच्या, एका टोकाला निमुळत्या अशा दोन धातूच्या दांड्यांचे पेटंट घेतले. त्यांना ते 'ट्रॅक्टर' म्हणत. शेतातला ट्रॅक्टर नव्हे, 'ओढून घेणारा' एवढाच त्याचा अर्थ. दुखऱ्या भागावरून त्या फिरविल्या की शरीरातील अपायकारक विद्युत् ओढली जाते, असा त्यांचा दावा होता. तेथील वैद्यमंडळाने १७९७ मध्ये त्यांना काढून टाकले, तरी दांड्यांचा खप थांबला नाही. त्यांच्या मुलाने तर त्या लंडनला नेऊन पाच गिनींना जोडी, अशा भारी किमतीस विकल्या. गुण आल्याच्या साक्षींना तर तोटाच नव्हता!

तेव्हा इंग्लंडमधील बाथ या गावी जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी १७९९ साली एक साधी युक्ती केली. त्यांनी हुबेहूब तशाच दिसणाऱ्या लाकडी दांड्या करविल्या आणि जुन्या संधिवाताच्या पाच रोग्यांवर त्या फिरविल्या. रोग्यांना यातले काही ठाऊक नव्हते. पाचांपैकी चौघांनी आराम वाटल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या दांड्या फिरविल्या, परिणाम तोच! जे काम लाकूड करते, ते धातूच्या गुणामुळे झाले असे कसे म्हणावे? मला विचाराल, तर साक्षीदारांच्या शंभर पत्रांहून त्या लाकडी दांड्यांचे मोल अधिक आहे.

आणि पर्किन्स? तो लबाड होता असे म्हणवत नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असता आपले स्वतःचे एक औषध घेऊन तो तेथे गेला व त्याच तापाने दगावला.

आपल्या देशात १९५४ पासून अशा दाव्यांविरुद्ध कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, बहिरेपणा इत्यादी ठरावीक रोग बरे करण्याची जाहिरात त्याने निषिद्ध केली आहे. ताईत, मंत्र व कवच यांनाही त्यातून सूट नाही. तथापि प्रत्येक खोक्यावरील मजकूर तपासावयास कायदा जातीने येत नाही.

"आराम तर वाटतो, मग बिघडले कोठे?" असे कोणी विचारील. मनगटात हाडे व एक चिवट पट्टा यांच्यामधून एक अरुंद वाट आहे व तीतून बोटांकडे एक मज्जातंतू जातो. तो दाबला गेला की बोटांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. वेळीच गेल्यास डॉक्टर हे ओळखू शकतात. परंतु नव्या माऊसवर विसंबून रोगी वर्ष-दोन वर्षे थांबला, तर अंगठ्याच्या बुडाचा स्नायू झिजू लागतो, आणि मग सदऱ्याची गुंडी लावणेही कठीण होऊन बसते.