दात पांढरे करण्यापूर्वी डागाचे कारण शोधा

घरात लग्नकार्य ठरले, फोटो काढायची वेळ आली की दातांच्या पिवळेपणाकडे हमखास लक्ष जाते. मग कोणी मीठ-लिंबू सुचवते, कोणी कोळशाची पूड, तर कोणी खाण्याचा सोडा. काहीजण थेट दवाखाना गाठून ‘ब्लीचिंग करून द्या’ म्हणतात. पण दातांचा रंग कशामुळे बदलला हे न पाहता उपाय निवडणे म्हणजे ताप कशाचा ते न बघताच गोळी घेणे. डाग वरवर सारखे दिसले तरी त्यांची कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे.

मुळात निरोगी दात कागदासारखे पांढरेशुभ्र नसतात. दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, अर्धपारदर्शक असते. त्याखालचा डेंटिनचा थर पिवळसर असतो. वयाबरोबर कवच झिजते आणि आतला पिवळेपणा जास्त दिसू लागतो. लिंबातले आम्ल हे कवच मऊ करते. राखुंडी, कोळसा किंवा भरड मीठ जोर लावून घासले की ते झिजते. गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही. त्यामुळे दात पांढरे करण्याच्या नादात ते कायमचे पिवळे दिसू लागतात आणि गार पाणी लागले तरी कळ येते.

वरवरचे डाग

चहा, कॉफी, पान, तंबाखू, बिडी-सिगारेट यांचे डाग आणि किटण दाताच्या पृष्ठभागावर बसतात. लोहाचे पातळ औषध किंवा क्लोरहेक्सिडीन असलेले चूळ भरण्याचे औषध बरेच दिवस वापरल्यानेही असे डाग पडतात. यासाठी ब्लीचिंगची गरज बहुधा लागत नाही. दंतवैद्याकडून किटण काढून दात पॉलिश करून घेतले की पुष्कळांचे काम भागते. हा खर्चही कमी असतो, म्हणून पहिली पायरी हीच.

मात्र मशेरी, गुल किंवा गुटख्याची सवय असेल तर प्रश्न केवळ रंगाचा राहत नाही. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर देशात १९९२ पासून बंदी आहे. तरीही महाराष्ट्रात मशेरी आणि उत्तरेत गुल लावणाऱ्या स्त्रिया आजही आढळतात. डाग काढायला गेल्यावर सवय लपवू नये आणि तोंडाची आतून तपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा, तोंड कमी उघडणे यांपैकी काहीही असले, तर दातांच्या रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी त्याचा तपास व्हायला हवा.

आतून आलेला रंग

काही डाग दातातच मुरलेले असतात. लहानपणी टेट्रासायक्लिन हे औषध दिले गेले असेल तर दातांवर करड्या-तपकिरी पट्ट्या दिसतात. म्हणूनच गरोदरपणी आणि आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत. या पट्ट्या ब्लीचिंगने फिकट व्हायला कित्येक महिने लागू शकतात. मार बसून एकच दात काळवंडला असेल, तर आधी एक्स-रे काढावा लागतो. त्याची नस मेली असल्यास रूट कॅनाल करून तो आतून पांढरा करता येतो.

फ्लोराइडचे डाग हा आणखी एक प्रकार. तेलंगणातील नलगोंडा, राजस्थानचे अनेक जिल्हे, महाराष्ट्रातील चंद्रपूर व यवतमाळ या भागांत काही ठिकाणी विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण भारतीय मानकात योग्य मानले आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी लहानपणी पोटात गेले की खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी ठिपके घेऊनच कायमचे दात उगवतात. सौम्य डागांवर कवचाचा अगदी पातळ थर घासून काढणे आणि ब्लीचिंग उपयोगी पडते. डाग गडद असतील तर दातावर पातळ आवरण बसवावे लागते. पण थोरल्या मुलीचे दात सुधारताना धाकटा भाऊ तेच पाणी पीत असेल, तर आधी पाणी तपासून घ्यावे.

ब्लीचिंग कोणते?

दवाखान्यात २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. काम तासाभरात होते, पण हिरड्या झाकून घ्याव्या लागतात. दुसरा प्रकार घरी करायचा. दंतवैद्य दातांच्या मापाची पातळ पट्टी करून देतात. त्यात साधारण १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल भरून ती काही तास किंवा रात्रभर घालायची. या सौम्य जेलमधून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. दोन-तीन आठवडे लागतात, पण अंतिम परिणाम सहसा कमी नसतो. घाई नसेल तर हा मार्ग बरा. दोन्हींत काही दिवस दातांत कळा येऊ शकतात.

कॅप, कवळी आणि सिमेंट यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही. पुढच्या दातांत सिमेंट भरायचे असेल तर ब्लीचिंग आधी करावे आणि सुमारे दोन आठवडे थांबून मग जुळत्या रंगाचे सिमेंट भरावे. कीड किंवा हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी बरा करावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा विचार पुढे ढकलावा. युरोपीय संघात तर २०१२ पासून अठरा वर्षांखालील मुलांवर अशी पेरॉक्साइडची द्रव्ये वापरण्यास मनाई आहे.

ब्लीचिंग कायमचे टिकत नाही. चहा-तंबाखू चालू राहिली तर रंग लवकर परततो. पैसे भरण्यापूर्वी दंतवैद्याला तीन गोष्टी विचाराव्यात: डाग कशाचा आहे, नुसत्या सफाईने भागेल का, आणि रंगपट्टीवर किती फरक पडेल? सरकारी दंत महाविद्यालयांतही ही तपासणी कमी खर्चात होते. लग्नाची तारीख ठरलेली असेल तर निदान दोन महिने आधी जावे, म्हणजे घाईघाईत नको तो उपाय पदरी पडणार नाही.