पाणी चिलीचे, तोफा इंग्रजांच्या

१४ मार्च १९१५ ची सकाळ. चिलीच्या किनाऱ्यापासून सहाशेहून अधिक किलोमीटर दूर, हुआन फर्नांडिस बेटांतल्या कंबरलँड उपसागरात 'ड्रेस्डेन' ही जर्मन क्रूझर नांगर टाकून उभी होती. कोळसा जवळजवळ संपलेला, यंत्रे थकलेली. तेवढ्यात 'ग्लासगो', 'केंट' आणि 'ओरामा' ही ब्रिटिश जहाजे उपसागराच्या तोंडाशी आली. ड्रेस्डेनबाबत आपण काय पावले उचलली आहेत हे त्यांना कळवावे, म्हणून बेटावरचा चिलीचा बंदर-अधिकारी होडीत बसून निघाला. होडी वाटेतच असताना ब्रिटिश तोफा सुटल्या आणि तो जीव वाचवून माघारी फिरला.

काही वेळातच ड्रेस्डेनवर पांढरे निशाण चढले. विल्हेल्म कानारिस नावाचा तरुण अधिकारी बोलणी करायला गेला आणि हे पाणी तटस्थ देशाचे आहे असे त्याने सांगितले. 'ग्लासगो'चा कप्तान जॉन ल्यूस याच्या उत्तराचा आशय असा होता की, ड्रेस्डेन दिसेल तिथे बुडवण्याचा हुकूम आहे, बाकीचे मुत्सद्दी बघून घेतील. हे बोलणे चालू असताना जर्मनांनी आपल्याच दारूकोठाराला बत्ती दिली आणि जहाज तळाला गेले. त्या दिवशीचे काही ब्रिटिश गोळे बेटाच्या कड्यात रुतून बसले, ते आजही तिथे दाखवतात.

ड्रेस्डेन ही 'एम्डेन'ची जोडीची नौका. सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर गोळे टाकणारी एम्डेन ती हीच. तेव्हा ड्रेस्डेनसाठी इथल्या कुणाचे डोळे भरून यावेत अशी अपेक्षा नाही. तिनेही चिलीचे नियम वाकवले होते. फॉकलंडच्या लढाईतून निसटल्यावर ती दक्षिण चिलीच्या खाड्यांत आठवडेच्या आठवडे लपून राहिली, आणि चोवीस तासांत निघून जा असे बजावल्यावरही तिने उपसागर सोडला नाही. पण म्हणून तिला शिक्षा करण्याचा अधिकार 'ग्लासगो'च्या कप्तानाकडे कुठून आला? फसवणूक झाली होती ती चिलीची, आणि जहाज अडकवून ठेवायचे की नाही हे ठरवायचे होते चिलीने. ज्याच्या अंगणात भांडण शिरले, त्यालाच दाराबाहेर काढून दोघांपैकी एकाने निवाडा केला.

याबाबत कायदा मुळीच धूसर नव्हता. १९०७ च्या हेग परिषदेतल्या तेराव्या कराराचे दुसरे कलम सांगते, की तटस्थ देशाच्या प्रादेशिक पाण्यात लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांनी कोणतेही शत्रुत्वाचे कृत्य करणे सक्त मना आहे. जहाज पकडणे आणि झडती घेणेसुद्धा त्यात आले. ब्रिटनने त्या करारावर सही केली, पण पुढे तो मंजूर केला नाही. तरी चिलीने निषेध नोंदवताच ब्रिटिश सरकारने भरघोस शब्दांत माफी मागितली. नियम आपल्याला लागूच नाही असे मानणारा माफी कशाला मागेल?

पण त्या माफीत एक चोरवाट ठेवलेली होती. ड्रेस्डेनचा झेंडा फडकत होता, तोफा रोखलेल्या होत्या, आणि तिला आवरायला चिलीकडे त्या जागी काही बळ नव्हते, असे लंडनचे म्हणणे. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यांत घातक आहे, आणि हे पत्रक काढले आहे ते त्याच्याचसाठी. त्याच हेग कराराचे पंचविसावे कलम तटस्थ देशावर देखरेखीची जबाबदारी टाकते ती त्याच्या हाताशी असलेल्या साधनांपुरती. त्याच्याकडे आरमार असलेच पाहिजे असे ते कुठेही म्हणत नाही. दुबळेपणा हा गुन्हा नाही. तो गुन्हा ठरवला, तर ज्यांच्याकडे तोफा आहेत तेवढ्यांचेच पाणी तटस्थ राहील, आणि बाकीच्यांच्या बंदरांत 'बळी तो कान पिळी' हाच कायदा.

असा प्रकार त्याआधीही घडला होता. १८६४ च्या ऑक्टोबरमध्ये ब्राझीलच्या बाहिया बंदरात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या सरकारची 'वाचुसेट' आणि दक्षिणेकडच्या बंडखोर संस्थानांची 'फ्लोरिडा' दोन्ही उभ्या होत्या. फ्लोरिडाचा कप्तान आणि बरेच खलाशी किनाऱ्यावर गेलेले असताना वाचुसेटच्या नेपोलियन कॉलिन्सने रात्रीच्या अंधारात तिला धडक दिली, दोर बांधला आणि ओढत समुद्रात नेली. ब्राझीलच्या तोफा मागून झडल्या त्या व्यर्थच. अमेरिकेने माफी मागितली. कॉलिन्सवर लष्करी खटला चालला, बडतर्फीची शिक्षाही झाली, पण ती अमलात आली नाही. तो पुढे रिअर ॲडमिरल झाला. फ्लोरिडा परत करण्याची वेळ येण्यापूर्वीच एका वाहतूक जहाजाची टक्कर होऊन ती बुडाली. ब्राझीलच्या वाट्याला आली एकवीस तोफांची सलामी, तीही १८६६ मध्ये.

थांबता येत नाही, शत्रू निसटेल, हे म्हणणे दरवेळी पुढे केले जाते. ते खोटे आहे, आणि याचा पुरावा खुद्द ब्रिटिश आरमारानेच दिलेला आहे. डिसेंबर १९३९ मध्ये जखमी 'ग्राफ श्पे' ही जर्मन युद्धनौका उरुग्वेच्या मोंतेविदेओ बंदरात शिरली. उरुग्वे चिलीहूनही लहान देश. त्याने बहात्तर तासांची मुदत दिली. ब्रिटिश क्रूझर नदीमुखाबाहेर पहारा देत थांबल्या, आत शिरल्या नाहीत. मुदत संपली तेव्हा ग्राफ श्पे बाहेर पडली आणि तिच्या कप्तानाने स्वतःच ती उडवून दिली. उरुग्वेचा शब्द पाळला गेला आणि ब्रिटनचे कामही झाले. कंबरलँड उपसागरात तर कोळसा नसलेले जहाज तीन जहाजांच्या कोंडीत सापडले होते. ते पळणार कुठे?

खरी अवघड गोष्ट 'आल्टमार्क'ची. ग्राफ श्पेला रसद पुरवणारे हे जहाज फेब्रुवारी १९४० मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जर्मनीकडे चालले होते. पोटात बुडवलेल्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे २९९ कैदी होते, आणि त्यांत भारतीय खलाशीही. नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी जहाजावर चढूनही कैदी असलेल्या कोठ्या उघडून पाहिल्या नाहीत. १६ फेब्रुवारीच्या रात्री योसिंग फ्योर्डमध्ये शिरून 'कोसॅक' या ब्रिटिश विनाशिकेच्या खलाशांनी ते सगळे सोडवले. त्या अंधाऱ्या कोठ्यांतल्या माणसांना हे पाणी कोणाचे असा प्रश्न पडला नसेल, आणि त्यांच्या सुटकेला नावे ठेवण्याची या पत्रकाची इच्छा नाही. इथे ब्रिटनने आधी नॉर्वेपुढे प्रस्तावही ठेवला होता, की दोघांच्या संयुक्त पहाऱ्यात जहाज बर्गेनला न्यावे. म्हणजे आधी सांगणे शक्य असते. मात्र किंमतही बघावी लागते. नॉर्वेच्या तटस्थतेला ब्रिटन जुमानत नाही अशी हिटलरची खात्री या प्रकरणाने पक्की केली, आणि ९ एप्रिलला जर्मन सैन्य नॉर्वेत उतरले.

आणि मग गोवा. दुसरे महायुद्ध सुरू होताच 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' आणि 'ब्राउनफेल्स' ही जर्मन व्यापारी जहाजे तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातल्या मुरगाव बंदरात आश्रयाला आली, मागाहून 'आन्फोरा' हे इटालियन जहाजही. या युद्धनौका नव्हत्या, पण एरेनफेल्सवरच्या गुप्त ट्रान्समीटरमधून पाणबुड्यांना संदेश जातात असे ब्रिटिश हेरखात्याचे म्हणणे होते. त्या संदेशांनी किती नुकसान झाले याबद्दल आजही एकमत नाही. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले मध्यमवयीन इंग्रज 'फीबी' नावाच्या गाळवाहू बार्जमधून आले आणि ९ मार्चच्या रात्री एरेनफेल्सवर चढले. तिचा कप्तान मारला गेला. जर्मन खलाशांनी झडपा उघडून जहाज बुडवले, आणि ते पाहून बाकीच्या जहाजांवरही तेच झाले. ती कार्निव्हलची शेवटची रात्र होती.

इथे कोणी म्हणेल, पोर्तुगालची गोव्यावरची सत्ताच बळजबरीची होती, तिच्या तटस्थतेचे एवढे कौतुक कशाला? कारण ती तटस्थता पणजीतल्या गव्हर्नरापुरती नव्हती. मुरगावच्या धक्क्यावर ओझी वाहणारे आणि त्या पाण्यात जाळी टाकणारे लोक तिच्या आडोशाला जगत होते. जहाजे पेटली ती त्यांच्या दारात, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

चिलीच्या प्रकरणाहून गोव्याचे प्रकरण एका बाबतीत वाईट आहे. ल्यूसने दिवसाढवळ्या तोफा डागल्या, म्हणून चिलीला निषेध करता आला आणि माफी मिळाली. मुरगावचा हल्ला करणाऱ्यांनी गणवेशही घातले नव्हते. सगळे प्रकरण तीस वर्षांहून अधिक काळ दडवून ठेवले गेले, आणि बाहेर आले ते शौर्यकथा म्हणून. १९७८ मध्ये त्यावर पुस्तक निघाले, १९८० मध्ये 'द सी वुल्व्ह्ज' हा चित्रपट. त्यात धाडस भरपूर आहे; ज्यांचे बंदर होते त्यांच्या बाजूला मात्र फारसे कोणी बघितले नाही.

आज प्रादेशिक समुद्र बारा सागरी मैलांचा आहे आणि बोटी, क्षेपणास्त्रे, ड्रोन कितीतरी लांबून मारा करतात. १९९४ च्या सान रेमो नियमावलीत तज्ज्ञांनी वाट आखून दिली आहे. शत्रू तटस्थ पाण्याचा गैरवापर करत असेल, तर आधी त्या तटस्थ देशाला कळवा, त्याला पुरेसा वेळ द्या. तरीही तो थांबवू शकला नाही, धोका गंभीर आणि तातडीचा असेल आणि दुसरा उपायच नसेल, तरच हात उचला, तोही लागेल तेवढाच. पण ती नियमावली आहे, बंधनकारक करार नाही. अकरा हजार किलोमीटरहून अधिक किनारा असलेल्या भारताने ती कराराच्या रूपात यावी म्हणून आग्रह धरला पाहिजे, आणि पुराव्याचा भार तोफ डागणाऱ्यावरच असावा असे त्यात लिहून घेतले पाहिजे. मुरगावच्या धक्क्यावर ९ मार्च १९४३ ची हकीकत मराठीत आणि कोकणीत, चारही जहाजांच्या नावांसह लिहिली गेली पाहिजे. आणि पुढच्या कोणत्याही युद्धात, चिलीच्या त्या अधिकाऱ्याची होडी 'ग्लासगो'च्या शिडीपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागला असता, निदान तेवढा वेळ तरी तोफा गप्प ठेवण्याची सक्ती झाली पाहिजे.