गणिती रॉक आणि आमची खंजिरी

गतवर्षी एका स्नेहसंमेलनाच्या तालमीत चार मुलांनी नुसत्या वाद्यांचा कार्यक्रम बसविला होता. दोन गिटार, एक की-बोर्ड आणि एक ढोलकी. गाणारा कोणीच नव्हता. "गायक आला नाही वाटते?" एवढा एकच प्रश्न त्यांना विचारण्यात आला आणि तो कार्यक्रम यादीतून गळला. शब्द नाहीत म्हणजे गाणे अपुरे, ही समजूत आपल्याकडे किती खोल रुजली आहे, हे त्या दिवशी मला उमगले. ती समजूत मला मान्य नाही.

त्या मुलांना ज्या संगीताचा छंद लागला होता, त्यास पाश्चात्त्य लोक 'मॅथ रॉक' म्हणतात. आपण त्यास गणिती रॉक म्हणू. १९९०च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार नावारूपास आला. पिट्सबर्ग शहरात १९९१ साली निघालेला 'डॉन कॅबॅलेरो' हा त्यातील एक प्रमुख वाद्यवृंद. त्यातही गायक नाही. नेहमीच्या रॉकमध्ये चार-चार मात्रांचा सरळ ठेका असतो. येथे पाच, सात, नऊ अशा विषम मात्रांचे गट एकामागून एक येतात. कधी एक वादक एका हिशेबाने व दुसरा निराळ्याच हिशेबाने वाजवीत जातो आणि ठरलेल्या जागी दोघे भेटतात. प्रथम ऐकणारास हा निव्वळ गोंगाट वाटतो. मलाही वाटला होता. पण बोटांवर मोजू लागलो, आणि गोंगाटातून आकृती दिसू लागली.

बोटांवर मोजण्याची ही सवय आम्हांस नवी आहे काय? रूपक तालाच्या मात्रा सात : तीन, दोन, दोन. त्याची तर समच खाली! आता समेपासून पाच मात्रांचा एखादा तुकडा न थांबता तीन वेळा वाजवा. पंधरा मात्रा होतात. दोन आवर्तनांच्या चौदा सरून पंधरावी मात्रा, म्हणजे शेवटचा आघात, नेमका समेवर पडतो. हीच तिहाई. वाचकांनी टाळीवर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ज्या खंजिरीचा नाद ह्या मुलुखात घरोघर पोहोचविला, ती वाजविणारा साधा भजनीही असा हिशेब कागदावाचून करतो. त्यास आपण गोंगाट म्हणत नाही, कारण तो कानांस सवयीचा झालेला आहे.

हे नाते केवळ कल्पनेतले नाही. जॉन मॅकलॉफ्लिन ह्या इंग्रज गिटारवादकाने १९७१ साली 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' स्थापन केला. त्यातील विषम मात्रांच्या रचनांचा प्रभाव पुढील कित्येक वादकांवर पडला. पुढे 'शक्ती' ह्या त्यांच्या वृंदात तबल्यावर झाकिर हुसेन होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या साथीला बसले ते त्रिलोक गुर्टू, म्हणजे आपल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. तथापि सारे काही आपल्याकडूनच गेले, ही आत्मप्रौढी नको. डेव्ह ब्रूबेक यांना नऊ मात्रांचा एक ठेका तुर्कस्तानातील रस्त्यावरच्या वादकांकडून मिळाला आणि त्यावर त्यांनी १९५९ साली आपली प्रसिद्ध रचना बांधली. स्टीव्ह राइश १९७० साली ढोल शिकण्यासाठी आफ्रिकेतील घाना देशी गेले. ह्या सर्वांचे थोडे थोडे ऋण गणिती रॉकवर आहे.

आणखी एक गोष्ट पांढुर्णा-सौंसरच्या माणसास सांगावीशी वाटते. आपण सीमेवरचे लोक. घरी मराठी, कचेरीत हिंदी. संमेलन जवळ आले की मराठी गीते किती व हिंदी किती, ह्यावरून रुसवेफुगवे ठरलेलेच. नुसत्या वाद्यांच्या कार्यक्रमास ह्यांपैकी कोणत्याही पक्षाचे बंधन नाही. सात मात्रा मोजावयास भाषा लागत नाही. पोळ्याच्या डफड्यापुढे नाचताना कोण कोणती भाषा बोलतो, हे कोणी विचारीत नाही.

त्या चौघांनी आपला नाद सोडलेला नाही. यंदा त्यांनी रूपकाच्या अंगाने एक नवी रचना बसविली आहे. ती यादीत घ्यावी, आणि श्रोत्यांनी निदान तीन आवर्तने तरी बोटांवर मोजून मगच आपले मत द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.