फेलूदाचा मूळ तपास अजून बाकी

सप्टेंबर २०२०. कोरोनाची पहिली लाट ऐन भरात असताना भारताच्या औषध महानियंत्रकांनी कागदी पट्टीवरच्या एका चाचणीला मान्यता दिली. तिचे नाव ‘फेलूदा’, म्हणजे सत्यजित राय यांच्या बंगाली गुप्तहेराचे. दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ या सरकारी संशोधन संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांनी ती घडवली, टाटा समूहाने बाजारात आणली. कोरोना ओसरला आणि फेलूदाचे नावही मागे पडले. पण या दोघांनी हे काम सुरू केले होते ते सिकलसेलसाठी. साथ आली म्हणून ते विषाणूकडे वळवले गेले. आता ते मूळ रुग्णांकडे परत यायला हवे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडापर्यंत जाणारी कळ रुग्णाला लोळवते. हे एक अक्षर हेरायला जनुक-संपादनातलेच कॅस-९ हे प्रथिन कामी येते. नेहमीच्या वापरातले कॅस-९ अधूनमधून एखाद्या अक्षराची तफावत खपवून घेते. फ्रान्सिसेला नोव्हिसिडा या जीवाणूतले कॅस-९ मात्र फार काटेकोर आहे. सोबतच्या मार्गदर्शक आरएनएशी मजकूर तंतोतंत जुळला तरच ते डीएनएला घट्ट धरून राहते. चाचणीत काही कापायचे नसतेच. धरले, की पट्टीवर रेघ उमटते.

गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबारच्या पाड्यांवर या रेघेचे मोल मोठे आहे. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिला कळत नाही. त्यासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल येईपर्यंत ते कुटुंब मजुरीसाठी दुसरीकडे गेलेलेही असू शकते. नवजात बाळांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे तिथे सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची राहत नाही. खरे तर पेनिसिलिन आणि लसींचे संरक्षण सर्वांत आधी त्यांनाच मिळायला हवे.

हिमोग्लोबिनचे प्रथिन ओळखणाऱ्या झटपट पट्ट्या आज मिळतात, वाहक आणि रुग्ण यांत फरकही करतात. मग ही नवी कशाला? कारण ती थेट जनुक वाचते. मार्गदर्शक आरएनए बदलला, की त्याच पद्धतीने थॅलेसेमियाचा ठरावीक बदलही शोधता येतो. एका पालकाकडून सिकलसेल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया घेऊन आलेल्या मुलाचे निदान नुसत्या प्रथिनावरून अनेकदा चुकते. पद्धतीची लवचीकता कोरोनातच दिसली होती. फ्रान्सिसेलाच्या याच कॅस-९ने पुढे विषाणूचे बदललेले प्रकारही वेगळे ओळखले.

अडचण आहे ती पट्टीच्या आधीच्या पायरीत. नमुन्यातल्या डीएनएच्या असंख्य प्रती आधी पीसीआर यंत्रात काढाव्या लागतात. त्यासाठी वीज हवी, प्रशिक्षित हात हवा आणि नमुन्यांची सरमिसळ होऊ नये अशी स्वच्छ जागा हवी. वीज लपंडाव खेळते अशा उपकेंद्रात हे जमणार नाही. सरकारने पैसा लावावा तो इथेच: बॅटरीवर चालणारी लहान यंत्रे, उन्हाळ्यातही टिकणारी रसायने आणि धानोरा किंवा धडगावसारख्या तालुक्यांत प्रत्यक्ष वापरून घेतलेली पारख.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य. इतक्या घरांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा पुन्हा सहजी उभी राहणार नाही, म्हणून नवी चाचणी तिच्यातच पारखून घ्यावी.

मात्र निकाल दारातच मिळू लागला, तर तो कोणासमोर सांगायचा हेही आधी ठरवावे लागेल. वाहक असणे हा आजार नव्हे, तरीही तेवढ्यावरून मुलींची लग्ने अडतात. आशाताईंच्या हाती पट्टी देताना तिच्यासोबत समुपदेशनाचे प्रशिक्षण आणि त्या वेळेचा मोबदलाही द्यायला हवा.