कॉफीत ‘थोडीशी’ कशाला?

डिसेंबर सरत आला की कयाधूकाठची थंडी अंगात शिरायला लागते. दुपारी स्वेटर कमरेला बांधून फिरणारे आपण रात्री नऊनंतर मफलर शोधत असतो. मग कुणाच्या तरी शेतात हुरड्याचा बेत ठरतो. गोवऱ्यांची आगटी, गरम कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर भाकरी-पिठलं. जेवण आटोपतं, गप्पा रंगतात आणि कुणाच्या तरी बॅगेतून थर्मास निघतो. ‘साधी नाही भावा, थोडीशी टाकलीय. थंडीवर औषध आहे!’

हे ‘औषध’ आता रील्सवरही जोरात आहे. काचेचा ग्लास, काळी कॉफी, त्यात व्हिस्की किंवा रम, वर क्रीमचा पांढरा थर. बघायला एकदम भारी. याचं मूळ आहे आयर्लंडमधल्या फॉइन्स गावात. १९४०च्या दशकात तिथे पाण्यावर उतरणारी विमानं यायची. गारठलेल्या प्रवाशांसाठी जो शेरिडन नावाच्या शेफनं गरम कॉफीत व्हिस्की घातली आणि ‘आयरिश कॉफी’ जन्माला आली, असं सांगतात. १९५२मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेत पोहोचली आणि तिथून जगभर गेली.

गोष्ट छान आहे. फक्त एक लक्षात घ्या. ती कॉफी प्यायले ते प्रवासी होते. विमान त्यांना चालवायचं नव्हतं.

आपल्याला मात्र शेतातून घरी बाईक चालवत जायचं असतं. तेही उसाच्या हंगामात. औंढ्याकडे जा, वसमतकडे जा, रात्रीच्या रस्त्यावर पुढे ट्रॉली असते आणि अनेकदा तिच्या मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. शुद्धीत असलेल्या माणसालाही ती शेवटच्या क्षणी दिसते. तिथे अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकांनी गावात कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहिलेलं आहे.

‘पण थंडी तर जाते ना?’ नाही, राव. जात नाही. दारूमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त त्वचेकडे धावतं, म्हणून चेहरा आणि हात उबदार वाटतात. पण तीच उष्णता हवेत निघून जाते आणि शरीराचं आतलं तापमान उलट खाली येतं. थंडीत अंग कापतं ते ऊब तयार करण्यासाठी. दारू ते कापणंही कमी करते. म्हणजे ऊब वाढत नाही, फक्त थंडी कळेनाशी होते. आणि हे सगळं बाईकवर, बोचऱ्या वाऱ्यात.

‘मग कॉफी आहेच की, ती उतरवते.’ हा दुसरा गैरसमज, आणि पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा. रक्तातली दारू कमी करण्याचं काम यकृत करतं, तेही त्याच्या ठरलेल्या वेगानं. कॉफी, लिंबू, गार पाणी, कशानंही तो वेग वाढत नाही. कॉफीतलं कॅफिन एवढंच करतं की झोप येऊ देत नाही. माणूस नशेत असतोच, पण त्याला वाटतं आपण टकाटक आहोत. ‘दे चावी, मी चालवतो’ असं तोच सगळ्यात आधी म्हणतो. याच कारणानं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०१०मध्ये कॅफिन मिसळलेली मद्यं विकणाऱ्या चार कंपन्यांना ताकीद दिली होती.

कायद्याचंही सांगून टाकू. महाराष्ट्रात रम, व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षं आहे आणि बीअर, वाईनसाठी २१. म्हणजे पदवीच्या वर्गात बसणाऱ्या जवळपास सगळ्यांसाठी हा विषय कायद्यानंच बंद आहे. गाडी चालवताना रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोकरीच्या फॉर्मवर ‘गुन्हा दाखल आहे का?’ हा रकाना असतो, हे स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आता खरा प्रश्न. त्या थर्मासमध्ये आपण नेमकं काय शोधतो? बहुतेक वेळा दारू नाहीच. जेवणानंतर उठावंसं वाटत नाही, गप्पा संपू नयेत असं वाटतं, हातात काहीतरी गरम हवं असतं. यासाठी आयर्लंडला जायची गरज नाही. मराठी घरात ही सोय कधीपासूनची आहे. तिचं नाव जायफळाची कॉफी. आजीला विचारा. पाहुणे आले, रात्रीचं जागरण असलं की दुधाच्या कॉफीत वेलदोडा आणि जायफळ पडायचंच. कॉफीही काही परकी नाही. आपल्या शेजारच्या विदर्भात, चिखलदऱ्याच्या डोंगरात ती पिकते.

चार जणांसाठी तीन कप दूध, एक कप पाणी आणि चवीपुरती साखर उकळा. तीन वेलदोडे ठेचून टाका. गॅस बंद करून तीन छोटे चमचे कॉफी घाला आणि जायफळ किसणीवर दोन-तीनदाच फिरवा. चिमूटभर पुरे, जास्त जायफळ बाधतं. गूळ वापरायचा तर भांडं खाली उतरवल्यावर घाला, नाहीतर दूध फाटेल. मग एका पातेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओता. वर जो फेस येतो, त्यापुढे क्रीमचा थर फिका.

एक-दोन गोष्टी सांभाळा. जेवणाला अगदी लागून कॉफी घेतली तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासभर थांबा, विशेषतः हिमोग्लोबिन कमी असलेल्या मैत्रिणींनी. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सकाळी पेपर असेल तर कॉफी सोडा आणि हळदीचं दूध घ्या. २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिकडे परदेशात लोक हेच दूध ‘गोल्डन लाटे’ म्हणून महागात पितात.

आम्ही कुणाला संत व्हायला सांगत नाही. उद्या तुम्ही पंचवीस ओलांडाल, तुमचे निर्णय तुम्ही घ्याल. पण आज कुणी ‘नको’ म्हटलं तर त्याला ‘आजोबा’ म्हणून चिडवू नका. आणि न सांगता कुणाच्या कपात काही टाकणं, ही गंमत मुळीच नाही. त्या मित्रालाही घरी जायचं आहे, त्यालाही तीच ट्रॉली आडवी येणार आहे.

तेव्हा या रविवारी हुरड्याला जाल तेव्हा थर्मास कुणी आणायचा, ते आधीच ठरवा. आणि त्यात काय आहे, ते सगळ्यांना माहीत असू द्या.