अस्थी गेल्या, आठवण राहिली

आमच्या बडोद्यातल्या सोसायटीत केरळची तीन ख्रिस्ती कुटुंबे आहेत. ३ जुलै हा त्यांचा संत थॉमसचा सण. त्याला ते 'दुक्राना' म्हणतात. शब्द सिरियाक भाषेतला, अर्थ आठवण. कशाची आठवण, असे मी शेजारच्या चेचींना विचारले. (सारी सोसायटी त्यांना चेचीच म्हणते.) मद्रासजवळ मैलापूरला थॉमसला भाला मारून ठार केले, तो हा दिवस, असे त्यांनी सांगितले. केरळात तशीच श्रद्धा आहे. जुन्या ख्रिस्ती याद्यांत मात्र ३ जुलैची नोंद वेगळी आहे. त्या दिवशी थॉमसच्या अस्थी भारतातून एडेसाला पोहोचल्या! एडेसा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले ऊर्फा. रोमनेही १९६९ साली थॉमसचा सण २१ डिसेंबरवरून ३ जुलैला आणला.

थॉमस हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. तो भारतात आला की नाही, यावर विद्वानांचे वाद आजही चालू आहेत. तिसऱ्या शतकात सिरियाकमध्ये लिहिलेल्या 'थॉमसची कृत्ये' या ग्रंथात गुदनफर राजाची गोष्ट आहे. राजाने महाल बांधायला दिलेले पैसे थॉमस गोरगरिबांना वाटून टाकतो आणि तुझा महाल स्वर्गात उभा आहे म्हणून सांगतो. हा राजा कल्पनेतलाच, असे बरेच दिवस मानत. मग एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे गोंडोफरीसची नाणी सापडली. राजा खरा निघाला. पण नाण्याने राजा सिद्ध होतो, पाहुणा होत नाही, असे माझे मत.

भक्तीची गोष्ट निराळी. तिला पुरावा आहे. कवी एफ्रेम ३७३ साली एडेसातच वारला. एका व्यापाऱ्याने भारतातून या अस्थी आणल्या, असे त्याच्या गीतांत येते. ३८४ साली इजेरिया नावाची यात्रेकरू बाई पश्चिमेच्या टोकाकडून मजल दरमजल करीत तिथे पोहोचली आणि थॉमसच्या समाधीपाशी प्रार्थना केल्याचे तिने लिहून ठेवले. दहा वर्षांनी, ३९४ साली, अस्थींची पेटी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये हलवली गेली.

त्या ग्रंथाचा शेवट मला फार आवडतो. आजारी मुलासाठी राजा थॉमसची कबर उघडतो, तर आत अस्थी नाहीत. त्या आधीच पश्चिमेला गेलेल्या. मग तो तिथली माती उचलतो, मुलाला लावतो आणि मूल बरे होते. आपल्या घरात पोराला ताप आला की आजी कपाळी अंगारा लावते, तिला हे कोणी समजावून सांगायला नको.

आणि अस्थी जपणे आम्हा बडोदेकरांनाही नवे नाही. १९६० ते ६३ च्या दरम्यान इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्ववाल्यांनी शामळाजीजवळ देवनी मोरीचा स्तूप खणला. त्यातून दगडी करंडक मिळाला. हा करंडक दशबलाच्या, म्हणजे बुद्धाच्या, शरीरावशेषांचा, असे त्यावर कोरलेले आहे. स्तूप चौथ्या-पाचव्या शतकातला. म्हणजे एडेसात थॉमसची पेटी मिरवत होती, साधारण त्याच काळात गुजरातच्या डोंगरकडेला भिक्षू हा करंडक विटांच्या पोटात ठेवत होते. पुढे तो सारा परिसर मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेला. करंडक वाचला, तो आधी खणला म्हणून.

चेचींना हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "मग आमच्याकडे काय उरलं?"

एफ्रेमच्या गीतात सैतान कुरकुरतो, की भारतात ज्याला मी मारवले, तो एडेसातही माझ्या आधी हजर! अस्थी इथे आणल्या तरी तिथला थॉमस हलला नाही, असे त्या कवीचे म्हणणे. एडेसातल्या अस्थी पुढे इटलीत ओर्तोना गावी गेल्या, तिथे १२५८ पासून आहेत. त्यांतले एक हाड १९५३ साली कार्डिनल तिसराँ यांनी केरळात कोडुंगल्लूरजवळ अळिकोडला आणले. चेचींचे माहेर तिथून बसने तासाभरावर.